तबकातली हुडी

"हुडी?" लल्ला किंझा म्हणाली. साखरेचा उंच सुळका ती रुपेरी कागदात गुंडाळत होती, तो तिने हातातून खाली ठेवला. "सोयरिकीच्या तबकात?"

"हो," तिचा मुलगा मुन्सिफ म्हणाला.

"मेंदी आणि खजुराच्या शेजारी?"

"शेजारी ठेव, मागे ठेव, कुठंही ठेव. पण शामाला तेवढीच एक वस्तू हवीय. ती म्हणते, कफ्तानांनी कपाट भरलंय, ते घालून मी जंगलात जाऊ का?"

शामा जंगलखात्यात होती. अझरू गावाच्या वर देवदाराचं जंगल आहे, त्यातली माकडं मोजायचं तिचं काम. पहाटे धुक्यात उभं राहायचं, बोटं आखडली तरी वहीवर रेघा मारायच्या आणि माकडांनी मागून येऊन टोपी ओढली तरी ओरडायचं नाही, कारण ओरडलं की मोजणी चुकते. असल्या कामाला पायघोळ जलाबा चालत नाही, तो काट्यांत अडकतो. म्हणून तिने होणाऱ्या नवऱ्याकडे एक चांगली हुडी मागितली होती, आणि 'चांगली' या शब्दाचा अर्थही नीट समजावून दिला होता. तिसऱ्या धुण्यात गळा लोंबायला नको, बाह्यांवर गोळे धरायला नकोत आणि माकडाने टोपी ओढली तर टोपी माकडाच्या घरी जायला नको.

"लोक काय म्हणतील?" किंझा म्हणाली. "तबक आहे की फुटबॉलवाल्यांचं गाठोडं?"

खरं तर लोकांचा प्रश्न नव्हता, प्रश्न लल्ला तामूचा होता. तामू ही शामाची आजी. तबक मुलीच्या घरी गेलं की घरातली सगळ्यांत मोठी बाई प्रत्येक वस्तू चारचौघांत हाताळून बघते. तिने तबक आत सरकवलं तर फातिहाची प्रार्थना म्हणतात आणि सोयरीक पक्की होते. तिने नाही सरकवलं तर चहा पितात, हवापाण्याच्या गोष्टी करतात आणि घरी जातात. शामासाठी याआधी मेक्नेसहून एक स्थळ आलं होतं. त्यांच्या तबकात रेशमी कफ्तान होता. लल्ला तामूने त्यावरून एक बोट फिरवलं, तबकावर त्याचाच रुमाल परत घातला आणि म्हणाली, "पाहुणे, तुमचं सामान इथं राहून जाईल हं." रेशमात नायलॉन होता. ते स्थळ पुन्हा अझरूत दिसलं नाही.

मुन्सिफला शामा हवी होती. ती मिळणार की नाही हे आता एका हुडीवर येऊन थांबलं होतं, आणि कापड कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. तो सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. माणसाच्या आतलं हाड न् हाड त्याला दिसायचं, पण कापडाच्या आतलं काही दिसायचं नाही. त्याने स्वतःसाठी घेतलेली एक हुडी पहिल्याच धुण्यात बेंबीपर्यंत आली होती आणि दुसरीने आईच्या सगळ्या चादरी हिरव्या केल्या होत्या. "नाव मुन्सिफ, म्हणजे निवाडा करणारा, आणि कांदा पारखता येत नाही," असं किंझा शेजारणींना सांगायची आणि तो ते ऐकून घ्यायचा.

"मामाला विचारू," तो म्हणाला.

किंझाने मान हलवली. भावाचं नाव निघालं की ती वाद घालत नसे.

बाईला मानाने लल्ला म्हणतात तसं पुरुषाला सी; सी बुअज्जा हा किंझाचा थोरला भाऊ. मुन्सिफचे वडील गेल्यापासून या घरात वडीलकीच्या जागी तोच होता. उभा जन्म त्याने लोकरीची दलाली केली होती. तो बाजारात शिरला की व्यापारी खराब लोकर ढिगाच्या तळाशी ढकलत, आणि तो सरळ तळाशीच हात घाली. डोळे मिटून लोकर चोळायचा आणि मेंढी कुठल्या उतारावर चरली ते सांगायचा. मेंढीवाला म्हणायचा, हो. हे मुन्सिफने लहानपणी स्वतः बघितलं होतं आणि तेव्हापासून मामासमोर त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. अझरूत कुणाला गालिचा घ्यायचा असला, जलाबा शिवायचा असला तरी लोक आधी बुअज्जाच्या दारात येत. हुडी मात्र त्याने कधी हातात घेतली नव्हती.

मामाने सगळं ऐकलं, चहाचा पेला संपवला आणि जलाब्याची टोपी नीट केली. "कापडच ना?" तो म्हणाला. "मग चल."

सोयरीक उद्यावर आली होती. नव्या पेठेत जवादचं दुकान होतं, तिथे हुड्या छतापर्यंत रचलेल्या असत. वाटेत मामाने दोन गोल पाव घेतले आणि पाठीवरच्या टोपीत टाकले. अझरूत जलाब्याची टोपी डोक्यावर कमी आणि पाठीवर जास्त असते, आणि पाठीवर असली की ती पिशवी होते. पाव, कोथिंबीर, औषधाची बाटली, सगळं तिच्यात जातं.

"या हाजी, साइझ सांगा," जवाद म्हणाला.

"साइझ माणसाला लागते. मला आधी कापडाला भेटू दे," मामा म्हणाला. "हात धुवायला पाणी आहे?"

जवादला वाटलं, म्हातारा गमतीचा आहे. त्याने पाणी दिलं आणि भिंतीला टेकून मजा बघत उभा राहिला. मामाने हात धुतले, कोरडे केले, पहिली हुडी उचलली आणि डोळे मिटले. कापड दोन बोटांत धरून हलकेच चोळलं. मग खालच्या ओठाला लावलं. मग बाहीचं मनगट ताणून कानाशी नेलं आणि सोडलं.

"काय ऐकताय?" जवादने विचारलं.

"ताणलं की ते काय म्हणतं, आणि सोडलं की परत येतं का. हे परत येत नाही. बसलंय तिथंच, रुसल्यासारखं."

त्याने हुडी उलटी केली. आतला लोकरीसारखा भाग नखाने खरवडला, तो नखाबरोबर आला. शिवणी बघितल्या, खिशाचे कोपरे बघितले, कापड दिव्यासमोर धरलं तर त्यातून जवादचा चेहरा दिसला. मामाने ती घडी घालून जागेवर ठेवली. दुकानदाराने घातली होती त्यापेक्षा ती घडी चांगली होती.

"आता टोपी," तो म्हणाला आणि दुसरी हुडी मुन्सिफच्या अंगात चढवली. मग आपल्या टोपीतला एक पाव काढून मुन्सिफच्या टोपीत ठेवला. "चाल."

मुन्सिफ चालला. पावाच्या वजनाने टोपी मागे गेली आणि गळा पुढून नरड्याला लागला.

"मामा, गळा."

"बोलू नकोस. चाल."

"चालतोय, पण श्वास..."

"समजलं. काढ. टोपी एकपदरी आहे, गळ्याला नुसती टाचून दिलीय. जी टोपी पाव पेलत नाही, ती माकड काय पेलणार?"

दुसरी गेली, तिसरी गेली. काळी, निळी, पाठीवर इंग्रजी अक्षरं असलेली, वाघाचं तोंड असलेली. प्रत्येकीला मामा तेवढाच मान देऊन भेटायचा आणि तेवढ्याच शांतपणे जागेवर ठेवायचा. मुन्सिफ पाव घेऊन दुकानभर येरझारा घालत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग बघूनच लोकांना निकाल कळत होता. लोक जमायला लागले होते. आधी ते हसत होते. मग हसणं थांबलं, कारण मामा ज्या हुडीबद्दल जे बोलायचा ते हात लावून बघितल्यावर खरं निघायचं. त्याने एका हुडीची बाही हलकेच ओढली आणि म्हणाला, "ही इथून उसवेल." ती तिथून उसवली.

एक बाई जांभळी हुडी घेऊन पुढे आली. "हाजी, माझ्या लेकाला घेतेय. जरा हात लावता?"

मामाने हात लावला. "एक हिवाळा," तो म्हणाला. "तोही फार कडक नसला तर."

बाईने हुडी परत ठेवली. तिच्या मागच्या माणसाने हातातली न विचारताच ठेवली. मग रांगच लागली. कुणाचीच हुडी टिकेना. गल्ल्याकडे जाणारे लोक मामाकडे वळत आणि मामाकडून दाराकडे. जवादच्या कपाळावर घाम आला.

"हाजी," तो हात जोडून म्हणाला, "तुम्हाला हवी ती घ्या. पैसे देऊ नका. पण माझ्या पोटावर पाय देऊ नका."

"फुकट मिळालेलं कापड कुणी तपासत नाही," मामा म्हणाला. "मग मी इथं कशाला आलो?"

जवाद मामाच्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या अंगातली हुडी काढली आणि आतल्या सदऱ्यावर कुडकुडत ती मामापुढे धरली. "ही बघा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझी."

मामाने बघितली. "स्वतःच्या मालातलंच घालतोस, म्हणजे माणूस सरळ आहेस," तो म्हणाला. "पारखी नाहीस. पण सरळ आहेस."

या शब्दांनी जवादला काय झालं कोण जाणे. तो मागच्या खोलीत गेला, तिथे बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले आणि धूळ उडाली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चिंचोक्याच्या रंगाची एक साधी हुडी होती. तिच्यावर ना वाघ ना अक्षर. नमुना म्हणून एकच आली होती, तो म्हणाला, पण जड आहे आणि दिसायला काही नाही म्हणून कुणी घेतली नाही.

मामाने डोळे मिटले. बोटं, ओठ, कान. मनगट ताणलं आणि सोडलं, ते टप्‌ असा आवाज करून जागेवर आलं. त्याने ते पुन्हा केलं. आतून बाहेरून त्याला शिवणीची खडबडीत कड सापडेना. टोपी दुपदरी होती आणि गळ्यात इतकी मुरलेली की कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मुन्सिफने ती घातली. टोपीत एक पाव गेला, मग दुसरा गेला, मग जवादने आपणहून गल्ल्यावरचं लोखंडी वजन आणून ठेवलं. मुन्सिफ दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. त्याचा श्वास नेहमीसारखाच चालू होता.

मामाच्या तोंडून 'वा' असं मुन्सिफने जन्मात ऐकलं नव्हतं. आताही ऐकलं नाही. मामा फक्त जवादच्या स्टुलावर बसला आणि त्याने डोळे उघडले.

"कुणी विणलंय?" त्याने विचारलं.

जवादने गळ्यात बघितलं. "नावच नाहीये, हाजी."

"ज्याला नाव लावायची गरज वाटली नाही, त्याने विणलंय," मामा म्हणाला. गर्दीतल्या लोकांनी एकेक करून हुडीला हात लावला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. किंझाने घरी हुडी साटिनच्या रुमालात गुंडाळायला घेतली तेवढ्यात मामा म्हणाला, "थांब. अर्धीच पारख झालीय."

"अजून काय राहिलं?"

"पाणी."

किंझाने छातीशी हात नेला. "अरे भाऊ, सोयरिकीची वस्तू कुणी धुऊन देतं का? उष्टी दिसेल ती. त्या म्हातारीच्या हातात उष्टी वस्तू द्यायची?"

"कोरडेपणी सगळीच कापडं गोड बोलतात," मामा म्हणाला. "पाणी पडलं की खरं बोलतात. मी शब्द देतोय, मला ठाऊक नको का कशाचा देतोय?"

मामाने बाह्या सारल्या आणि ऑलिव्हच्या साबणाने घंगाळ्यात स्वतः हुडी धुतली. किंझा डोळ्यांवर हात ठेवून बसली होती, पण बोटांच्या फटीतून बघत होती. धुऊन झाल्यावर तिघंही घंगाळ्यावर वाकले. पाणी जसं घातलं होतं तसंच होतं. ना रंग उतरला होता ना एक धागा तरंगत होता. मामाने वितीने हुडी मोजली, तर ती कोरडी असताना होती तेवढीच भरली.

"बघ," मामा हळूच म्हणाला. मुन्सिफला वाटलं, मशिदीत उभे आहोत.

मग हुडी गच्चीवर वाळत टाकली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. हलकं कापड उन्हाच्या एका तिरिपीत वाळतं. चांगलं कापड पाणी धरून बसतं, आणि हे फारच चांगलं होतं. संध्याकाळी पिळलं तरी थेंब गळत होते. रात्री अझरूत पाणी गोठवणारी थंडी पडली. सकाळी किंझा वर गेली, तर दोन्ही बाह्या पसरून, टोपी ताठ उभारून हुडी गच्चीवर स्वतःच्या पायांवर उभी होती, पाय नसूनही. शेजारच्या गच्चीवरची म्हातारी तिला सलाम करून बसली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून नाराज झाली होती.

"तुमच्याकडे आलेला पाहुणा फार आढ्यतेखोर आहे," तिने किंझाला सांगितलं.

हुडी दुमडेना. पसरलेल्या बाह्यांसकट ती दारातून आत येईना, तिला आडवी करून, एक बाही आधी घालून, फिरवून, मग दुसरी असं आत घ्यावं लागलं. शेगडीजवळ ठेवल्यावर ती वितळली आणि खाली बसली. पण वाळली नाही. तिच्याखालचा गालिचा मात्र भिजला. जोहरची, दुपारची नमाज होत आली होती, आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर तबक निघायचं होतं.

"इस्त्री करते," किंझा म्हणाली.

"इस्त्री म्हणजे कापडावर जबरदस्ती," मामा म्हणाला.

"मग त्याला विनंती कर वाळायची. माझ्या मुलाचं लग्न मोडायला आलंय."

मामाने पहिल्यांदाच खाली बघितलं. त्याची चूक नव्हती, तरी होती. शेवटी मुन्सिफलाच सुचलं. त्याने ओली हुडी टॉवेलात बांधली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पावाच्या भट्टीवर धावत गेला. मामा मागून आला.

भट्टीवाला बा अल्लाल लांब लाकडी फावड्याने पाव बाहेर ओढत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मी या भट्टीत लग्नाची कोकरं भाजली," तो म्हणाला, "ईदचे गोड पदार्थ भाजले. नवरीचे कपडे आजवर भाजले नाहीत."

"भाजायचे नाहीत, बा अल्लाल. वाळवायचे."

"भट्टीला फरक कळत नाही. मला कळतो. दे इकडे."

त्याने हुडी फावड्याच्या दांड्यावर चढवली आणि भट्टीच्या तोंडासमोर, आचेच्या जरा वर धरली. मधूनमधून पावासारखी फिरवली. पीठ भिजवून फळ्यांवर घेऊन आलेल्या बायका थांबल्या आणि प्रत्येकीने हुडीला हात लावून बघितला. कुणी म्हणालं, टोपीकडून फिरवा, तिकडे दोन पदर आहेत. कुणी म्हणालं, आच कमी करा. एकदा हात लावलेली प्रत्येक बाई पुन्हा हात लावायची. मामा भिंतीशी उभा राहून एकटक बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातातलं कापड दुसऱ्याच्या हातात होतं.

वाळल्यावर हुडी आधीपेक्षा सुंदर झाली होती. आतली मऊ लव फुलून आली होती. बा अल्लालने ती हातांवर घेऊन मुन्सिफला दिली, तेव्हा त्याने स्वतःच्याही नकळत हात पुढे करून ती छातीशी धरली. ती ऊबदार होती आणि तिला ताज्या पावाचा, बडीशेपेचा आणि ओकच्या धुराचा दणदणीत वास येत होता.

त्या वासाला काही उपाय नव्हता. असर झाली होती.

शामाच्या घरी मोठ्या खोलीत भिंतींना लागून गाद्या होत्या आणि त्यावर दोन्हीकडची माणसं. मधोमध लल्ला तामू बसली होती, एवढीशी, गोधड्यांत गुरफटलेली, पायाशी निखाऱ्याची शेगडी. शामाचे वडील सी जिलाली सगळ्यांच्या पेल्यात चहा ओतत होते, पण बघत होते आईकडेच. शामा दाराशी उभी होती. तिने मुन्सिफकडे बघून भुवया उंचावल्या. मुन्सिफने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते त्यालाच कळलं नाही.

साखर बघून झाली. मेंदी बघून झाली. खजूर तामूने एक खाल्ला. मग तिने रुमाल उचलला आणि हुडी बाहेर काढली. खोलीत कुजबुज उठली.

"माझीच मागणी आहे, आजी," शामा म्हणाली.

"तुझं नंतर," तामू म्हणाली आणि डोळे मिटले.

म्हातारीने कापड दोन बोटांत चोळलं. मग खालच्या ओठाला लावलं. मग मनगट ताणून कानाशी नेलं आणि सोडलं. समोर मामा बसला होता, त्याची बोटं मांडीवर तिच्या बोटांबरोबर हलत होती. दोघांनी एकमेकांना उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, आणि दोघं एकच गोष्ट एकाच क्रमाने करत होते. मुन्सिफला एकदम वाटलं, आपण फार मोठ्या माणसांच्यात बसलोय आणि आपल्याला इथे यायचा काही हक्क नाही.

मग तिने हुडी नाकाशी नेली, आणि डोळे उघडले.

"हे धुतलंय," लल्ला तामू म्हणाली.

चहा ओतायचा थांबला. किंझाने जमिनीकडे बघितलं.

"धुतलंय," मामा म्हणाला. "मीच धुतलंय."

"का, पाहुणे?"

"तुमच्या घरी पहिल्यांदा भिजून त्याने दगा दिला असता, तर मी कुठं तोंड लपवलं असतं?"

"आणि हा भट्टीचा वास?"

"वाळेना."

तामू त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. "या घरात पुष्कळ तबकं आली, पाहुणे," ती म्हणाली. "सगळी कोरडी आली. धुवायचं नशीब सगळ्यांनी आमच्या पोरींवर सोडलं." तिने हुडी मांडीवर घेतली. "घालून बघते."

"आजी, ती माझी..."

"ऊब बघायला नको?"

शामाने आणि किंझाने मिळून तिला हुडी घातली. बाह्या हातांच्या पुढे गेल्या, टोपी कपाळावर आली. त्या टोपीत तामूचा चेहरा एवढासा दिसत होता. ती मागे टेकली आणि म्हणाली, "थांबा आता."

सगळे थांबले. हुडीची ऊब लागायला वेळ लागणारच. तबक जिथल्या तिथे होतं, ना आत गेलेलं ना बाहेर. कुणीतरी यंदाच्या थंडीबद्दल बोललं. मामा ताठ बसला होता, निकाल ऐकायला बसतात तसा. चहा निवला, तो परत तापवला, पुन्हा निवला. मग टोपीच्या आतून एक बारीक, एकसारखा आवाज यायला लागला.

शामा वाकून बघून आली. "झोपली," ती कुजबुजली. "आणि माझी हुडीसुद्धा गेली."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिला उठवायची हिंमत कुणाची नव्हती. "थंडी पडल्यापासून आई रात्ररात्र जागी असते," जिलाली हलक्या आवाजात म्हणाले. "आणि परक्यांसमोर तर तिला डुलकीसुद्धा लागत नाही. डॉक्टरांपुढेही नाही." त्यांनी चहाची किटली खाली ठेवली. "मला वाटतं, तिचा होकार झाला."

"वाटतं म्हणजे पारख नव्हे, सी जिलाली," मामा म्हणाला. "शब्द पाहिजे."

मुन्सिफने मामाकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाकडे त्याने तसं कधी बघितलं नसतं. लग्न दाराशी आलं होतं आणि मामा त्याला शिवण उलटी करून बघत होता. पण मामाचं लक्ष आता भाच्याकडे नव्हतं. तामूच्या खांद्याशी, जिथे टोपी गळ्याला मिळते, तिथे एक धाग्याचं टोक वर आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. दुकानात ते त्याला दिसलं नव्हतं, पाण्यात दिसलं नव्हतं, भट्टीवर दिसलं नव्हतं. तो गादीवरून हळूच पुढे सरकला आणि त्याने दोन बोटं पुढे केली.

बोटं धाग्याला लागली.

"हात काढा, व्याही," डोळे न उघडताच लल्ला तामू म्हणाली. "दिलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नसतो."

मामाने हात मागे घेतला. तो हात हवेतच राहिला आणि मग त्याने तो स्वतःच्या छातीवर ठेवला. किंझाच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपीच्या आतून पुन्हा तो बारीक आवाज सुरू झाला होता. जिलालींनी तळहात पसरले आणि सगळ्यांनी पसरले. अझरूत त्या दिवशी फातिहा कुजबुजत म्हटली गेली, आणि बायकांनी आनंदाची किलकारी तोंडावर हात दाबून घातली, म्हातारीची झोप मोडू नये म्हणून.